तिसरा पर्याय आणि आप्पांचा जळालेला सेट

शंकरआप्पांना मी पहिल्यांदा भेटलो ते दौंडला, त्यांच्या पत्र्याच्या खोलीत. रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेले आप्पा दर रविवारी तिथे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा वर्ग फुकट घेत. मी वरवंडला विज्ञान शिकवतो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात तार आणि पक्कड दिली. मला ते कमीपणाचं वाटलं. परवान्याच्या परीक्षेचा प्रश्नसंच छापील मिळत असताना बोटं कोण सोलून घेणार?

तीन रविवारांत मी वर्ग सोडला, संच पाठ केला आणि पास झालो. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. मी उत्तरांवर खुणा केलेली पुस्तिका काढली आणि दौंड-शिरूरभर वाटली. आप्पांचा वर्ग ओस पडला. ते एवढंच म्हणाले, "संच छापला त्यात वाईट काय न्हाई, मास्तर. पण पोरं प्रश्न वाचतच न्हाईत. नुसता पर्यायाचा नंबर वाचत्यात."

मग भीमेला पूर आला, मोबाईल बंद पडले. आप्पांनी आपला रेडिओ सेट आमच्या शाळेत मांडला. नदीकाठच्या वस्तीवर त्यांचा जुना विद्यार्थी हँडसेट घेऊन निरोपाची वाट पाहत होता. आप्पा अँटेनाची तार बांधायला गच्चीवर चढले. मी परवानाधारक! रुबाबात बसलो आणि अँटेना जोडण्याआधीच बोलायचं बटण दाबलं. जळका वास आला, सेट गेला. वस्ती हलवायचा निरोप घेऊन आप्पा भर पावसात कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून गेले. माणसं वाचली, ती त्यांच्यामुळे.

परतल्यावर त्यांनी विचारलं, "अँटेना न जोडता बटण दाबलं तर काय व्हतं, हा प्रश्न आला व्हता का परीक्षेत?"

"आला होता. तिसरा पर्याय."

"बरोबर आलं व्हतं?"

"हो, आप्पा."

"मंग झालं."

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं आणि तो सेट माझ्याच हातांनी दुरुस्त करून घेतला. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

आप्पांचा हा गौरवग्रंथ काढणारे आम्ही सगळे परवानाधारक आहोत, सगळे त्याच पुस्तिकेवर पास झालेले. शाल घालायला आमची झुंबड आहे. रविवारी खोलीत मात्र आप्पा एकटेच असतात.

पंच्याहत्तरी ओलांडणाऱ्या आप्पांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. ह्या शुभेच्छेत आमचा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. पुढच्या पुरात तार घेऊन गच्चीवर चढेल असं दुसरं माणूस आम्ही तयार होऊ दिलेलं नाही.