वर गेल्या

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एकतीस वर्षं तेच काम. त्यामुळे प्रार्थनेच्या मंडळीत सगळे त्यांना ‘वरचे भाऊ’ म्हणायचे, आणि बाबांना त्यात थट्टा दिसायची नाही.

वर जाण्यावर त्यांचा खराच विश्वास होता. एक दिवस येशू ढगांत येईल आणि आपल्या माणसांना आहेत तिथून, जिवंतपणी उचलून नेईल. चष्मा टेबलावर राहील, चपला दारात राहतील. जे मागे उरतील ते सैतानाच्या श्वापदाच्या तावडीत. हे ते आम्हाला जेवताना सांगायचे. आई म्हणायची, "त्या दिवशी लिफ्ट ओव्हरलोड झाली नाही म्हणजे मिळवली." बाबा न हसता भाजी वाढून घ्यायचे.

रोज सकाळी युनिफॉर्मच्या आधी ते प्रार्थना म्हणत बायबलमधली देवाची शस्त्रसामग्री अंगावर चढवायचे. डोक्याला हात, म्हणजे शिरस्त्राण; छातीला हात, म्हणजे चिलखत; कंबरेला हात, म्हणजे पट्टा; मग हत्यारांची पिशवी. लिफ्ट मधेच अडकली की यात सैतानाचा हात आहे म्हणायचे, पण दरवाजाचा कॉन्टॅक्ट आधी तपासायचे. कामात ते कुणाच्या शब्दावर विसंबत नसत. फक्त एकदा, तरुणपणी, कंटाळा आला म्हणून लिफ्टचे दोर न बघताच वहीत ‘तपासले’ लिहून सही ठोकली होती. पुढे काही झालं नाही, पण ती सही त्यांच्या मनातून गेली नाही.

"मला काही नेणार नाहीत," ते आईला म्हणायचे.

"एवढ्यासाठी? मग वर कुणीच नसेल."

त्या दिवशी बाबा चारला घरी आले. दार उघडं होतं. चपला दारात, चष्मा टेबलावर, कांदा अर्धा चिरलेला, गॅसवर पाणी उकळतंय. आई नाही. समोरच्या दारात शिवणकाम करणारी मावशी बसली होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. बाबांनी विचारलं तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "वर गेल्या मघाशीच."

बाबांनी पाळकांना फोन लावला. पाळक दुपारी झोपतात, त्यांनी उचलला नाही. बाबांनी त्याचाही अर्थ लावला. गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले.

मी साडेपाचला कामावरून आले तेव्हा ते तसेच बसलेले होते.

"आई कुठंय?"

"नेलं तिला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तूपण राहिलीस."

मला काहीच कळेना. मी मावशीकडे गेले. ती म्हणाली, "अगं वर, गच्चीवर. कपडे काढायला. अजून आल्या नाहीत?"

लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही, शेवटचा जिना चढावा लागतो. आई दोरीखाली पडली होती. हातात चादरीचं टोक होतं. श्वास चालू होता. हॉस्पिटलमध्ये उजाडेपर्यंत तो तसाच चालू राहिला, मग थांबला. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. दीड तास आधी आणायला हवं होतं, असंही म्हणाले.

मला बाबांचा राग यायला हवा होता. तो येत नव्हता. काहीच येत नव्हतं. मी फक्त विचारलं, "बाबा, एकदा वर जाऊन बघायचं तरी?"

"त्यात बघायचं काय होतं? ती गेली आणि मी राहिलो. मला ते पटलं."

दफनाला मंडळी जमली. पाळकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपली बहीण वर गेली आहे."

"हो," बाबा म्हणाले. "कपडे काढायला."

त्यानंतर बाबा डोक्याला, छातीला हात लावत नाहीत. संध्याकाळी कामावरून आले की आधी गच्चीवर जातात. सगळ्या दोऱ्यांखालून एक चक्कर मारतात आणि मग खाली येऊन दाराची बेल वाजवतात.