रेखाचा काळा डोळा आणि मंठाळची जीप

गेल्या रविवारी सकाळी मैलूरला आमच्या घरासमोर मंठाळहून, म्हणजे माझ्या सासरवाडीहून, जीप येऊन थांबली. जीपमधून माझे सासरे अप्पा उतरले, मागून भावकीतली तीन-चार दांडगी माणसं. मी दारात दात घासत होतो... वाटलं, कुणी गेलं की काय.

अप्पांनी पाणी घेतलं नाही, खुर्चीवर बसले नाहीत. "कामून हात उचललाव पोरीवर?" एवढंच विचारलं. मी ब्रश धरून तसाच उभा... काय विचारायलेत तेच कळेना.

मग हळूहळू उजेड पडला. आठवडाभर शेजारच्या अक्का माझ्याशी बोलत नव्हत्या. टपरीवर मी गेलो की गप्पा थांबायच्या. मला वाटत होतं, माझ्या मोबाइलच्या दुकानातून मारलेलं रिचार्ज कुणाकुणाला आलं नसेल.

तर भानगड अशी की माझी बायको रेखा रग्बी खेळते. इंडियाकडून. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना मी काय सांगणार, मलाच धड कळलेला नाही... लांबुळका बॉल काखेत धरून पुढं पळायचं, दुसऱ्यांनी मांड्यांना मिठी मारून पाडायचं, पण पास द्यायचा तो मागे. का, ते मी लग्नापासून विचारतोय.

बसवकल्याणला शाळेत असताना ती कबड्डी खेळायची. पुढं पुण्याला कॉलेजात गेली, तिथल्या कोचने तिची पकड बघितली आणि हातात हा बॉल दिला. पोरींची टीम तेव्हा नुकतीच उभी राहत होती. उसने बूट घालून कॅम्प केले, आणि एक दिवस पासपोर्ट काढून थेट परदेशात मॅच.

मध्ये एकदा खांदा निखळला. घरी कळू नये म्हणून ती दिवाळीलाही आली नाही, हॉस्टेलवरच राहिली आणि परत टीममध्ये शिरली. लग्नानंतरही खेळणार, हे तिने बघायच्या कार्यक्रमातच सांगितलं होतं. मी हो म्हटलं, काहीच न कळता.

अप्पांना मात्र तिने सांगून ठेवलेलं की ही कबड्डीच आहे, फक्त बॉल असतो. कारण अप्पांची एकच अट होती... अंगाला लागलं की खेळ बंद. आणि अप्पांचा शब्द रेखाने आजवर कधी त्यांच्यासमोर मोडलेला नाही.

यावेळी ती परदेशातून आली ती डोळा काळानिळा करून. बसवकल्याणच्या स्टँडवर ओढणीने तोंड झाकून बसली होती, तिथं तिला मंठाळच्या कुणीतरी बघितलं. इकडं तिने अक्कांना सांगितलं, दार लागलं. मी टपरीवर सांगितलं, बसमधली दांडी लागली... संध्याकाळपर्यंत गल्लीने दोन्ही ऐकलं होतं.

आता अप्पांपुढे मी काय बोलणार? खरं सांगावं तर तिचा खेळ संपला, आणि पुढच्याच आठवड्यात कॅम्प. गप्प बसावं तर मी बायकोला मारणारा. रेखा स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवत होती... 'सांगा' म्हणत होती की 'सांगू नका', देवाशपथ कळलं नाही. मी ब्रश परत तोंडात घातला.

"चल, पिशवी भर," अप्पा तिला म्हणाले.

तेव्हा ती बाहेर आली. "ह्यांनी न्हाई मारलं, अप्पा. खेळात लागलंय."

अप्पांचा विश्वास बसेना. कबड्डीत डोळा कामून काळा व्हईल, म्हणाले. नवऱ्याला झाकायलीस, म्हणाले. तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि मग ती चिडलीच. आतून उशी आणली, माझ्या काखेत कोंबली आणि म्हणाली, "पळा."

कुठं? कशाला? मी लुंगीवर होतो... तरी पळालो. समोरच्या मोकळ्या प्लॉटच्या मध्यावर पोचेपर्यंत मांड्यांवर मागून काहीतरी येऊन धडकलं आणि मी उशीसकट मातीत, पायांना रेखाची मिठी. अक्का गच्चीवरून बघत होत्या. भावकीतली दांडगी माणसं जरा मागे सरकली.

मला वाटलं, अप्पा मला उठवायला येतायत. ते मला ओलांडून रेखापाशी गेले आणि उकिडवे बसले. अर्धी जिंदगी त्यांनी मेंढरं राखली आहेत, आणि लोकर कातरायच्या दिवसांत मेंढे धरायला लहानगी रेखाच असायची. तिच्या डोळ्याखाली बोट टेकवून म्हणाले, "डोकं आत घातलीस बघ. मेंढा धरताना डोकं भायर ठेव म्हणून किती बार सांगितलो व्हतो."

"कोचबी हेच म्हणतो," रेखा म्हणाली आणि रडायला लागली. अप्पांनी तिला जवळ घेतलं. मी अजून खालीच होतो.

मग चहा झाला, चुरमुऱ्यांचा सुशीला झाला. खेळ बंद करायचा विषय अप्पांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. परवानगी मिळाली की नाही हे मला आत्ताही नक्की सांगता येणार नाही... जीप रेखाला न घेता परत गेली, एवढं खरं. निघताना अप्पा माझा हात धरून "जपा" म्हणाले. तिला जपा की स्वतःला, ते विचारायचं राहून गेलं.

काल तिला कॅम्पच्या बसमध्ये बसवून आलो. घरी आलो तर अक्कांनी वाटीभर भाजी पाठवलेली, सोबत कमरेला लावायचं तेल.

आता मंठाळहून फोन आला की अप्पा रेखाच्या आधी माझी तब्येत विचारतात. बरगडी अजून दुखते, आणि तो बॉल मागे का टाकतात ते अजूनही कळलेलं नाही... पण त्यांना काय सांगू. मी फार सुखात आहे, अप्पा.