निरंतर चेष्टा

माझी आई लग्न होऊन साताऱ्याहून काशीला आली. इतक्या वर्षांत ती हिंदी घडाघडा वाचायला शिकली. अर्थ मात्र ती अजून मराठीच लावते.

मला गणितात संशोधन करायचं होतं. जागा एकच होती आणि तिच्यासाठी आमच्या सरांनी मला शिफारसपत्र दिलं होतं. दुर्गाघाटावरच्या घरी आईने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं, 'यह छात्रा निरंतर चेष्टा करती है.' ती थांबली.

"सरांची चेष्टा करतेस? आणि वर ते लिहून देतात?"

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे तिला समजावताना माझी हसून हसून पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवशी वर्गमित्राने त्याच जागेसाठी सरांनीच दिलेलं त्याचं पत्र दाखवलं, तेव्हा हसू मावळलं. त्याच्यात 'जन्मजात प्रतिभा' निघाली होती. ही जन्मजात प्रतिभा दर परीक्षेआधी माझ्या वह्या घेऊन जायची आणि चहाचे डाग पाडून परत करायची. बिचारा स्वतःही जरा गोंधळलाच होता.

मी सरांना भेटले. गुण माझे जास्त आहेत, असं चाचरत सांगितलं. सर प्रेमळ, त्यांनी आधी हातावर पेढा ठेवला.

"बेटी, नंबर मेहनत से आते हैं. गणित तो ऊपर से आता है."

वरून येणारं हे गणित मुलींचीच घरं नेमकी कशी चुकवतं, ते विचारायचं राहून गेलं. जागा त्याला मिळाली. मी आठवडाभर रडले आणि बी.एड.चा फॉर्म भरला.

आता रामनगरच्या एका शाळेत गणित शिकवते. गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी गणिताच्या शिबिरासाठी शिफारसपत्र मागायला आली. मला कधी न सुचलेल्या वाटेने उदाहरण सोडवणारी मुलगी. मी झरझर लिहिलं, सही ठोकली. ती वाचत तिथेच उभी राहिली.

"मैडम, बस मेहनती?"

मला माझी भयंकर लाज वाटली. पत्र फाडून दुसरं लिहिलं, तर 'प्रतिभा' या शब्दापाशी पेन अडलं. मुलीला देताना हा शब्द शोभेल ना, असं खरंच मनात आलं. मग लिहिला.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आता तूही चेष्टा करायला लागलीस."

या वेळी मी तिला हिंदी अर्थ सांगितला नाही.