बारा मैलांचा तक्ता

वैशाख शुद्ध दशमी. पहाटे पाचला जुन्नरहून घोडेगावास निघालो. गाडीत मी, गाडीवान भिका आणि भाची यमूची पिवळी साडी असलेली पत्र्याची पेटी. आमच्यात मामाने दिलेली पिवळी साडी नेसून, मामाचाच हात धरून नवरी बोहल्यावर जाते. मुहूर्त दुपारी बाराचा होता.

माझ्या रोजनिशीच्या शेवटी अंतरांचा छापील तक्ता आहे. जुन्नर ते घोडेगाव, मैल बारा, बैलगाडीने चार तास. वर एक तास सवडीचा धरून मी बहिणीला आधीच पत्राने कळवले होते : बारा मैल आहेत, दहाला पोचतो.

पुण्याहून छापखान्यासाठी कागद घ्यायला जुन्नरला आलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या रहमानभाई कागदींनी निघताना तक्ता पाहिला आणि हसले. "भाऊ, कागद लई सपाट असतो. आमीच बनवतो, आमाला ठावं. मधला डोंगर त्यात कुठं दिसायचा?"

मी थट्टा समजलो. हाताशी यादी असली की मी कोणाचे ऐकत नाही.

गाडी दक्षिणेला जाण्याऐवजी पूर्वेला वळली. भिकाला विचारले. "डोंगरावरनं पायवाट हाय, मालक. गाडीला नारायणगाव, मंचर करूनच जावं लागतंय."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलं? तुमी तर मलाच वाचून दाखवलंत!"

आठ वाजून गेल्यावर नारायणगाव आले. विहिरीवर बैलांना पाणी दाखवले. तिथल्या म्हाताऱ्याला घोडेगाव किती लांब विचारले. "इथं तर हाय, पावणं," तो म्हणाला. मंचरच्या अलीकडे दुसऱ्यानेही हेच सांगितले, शिवाय कांदा-भाकरी पुढे केली. थकलेल्या माणसाला खरे अंतर सांगून त्याचा धीर खचवायचा नाही, अशी इकडची रीत. भिकाने भाकरी खाल्ली. मी घेतली नाही, कारण सूर्य डोक्यावर आला होता.

बारा वाजले तेव्हा आम्ही मंचरच्या बाजारात होतो. तक्ता करताना पट्टी ठेवून नकाशावर सरळ रेघ मारणाऱ्या त्या शहाण्याला या उन्हात चाकामागून चालवायला हवे. पाखराला अंतर विचारायचे आणि बैलाला पळवायचे, हा कुठला न्याय?

चारला घोडेगावात शिरलो. मांडवात पंगती उठत होत्या. यमू आईच्या जुन्या साडीत बसली होती. शेजारचे मारवाडी दुकानदार मामा म्हणून उभे राहिले होते. त्यांनीच मला पाणी दिले, त्याचा मला जास्त राग आला.

बहिणीने माझे पत्र पुढे केले. "दादा, बारा मैल म्हणजे पायवाट. आम्हाला वाटलं, तू डोंगरावरून येणार. पोर सकाळपासून डोंगराकडे बघत होती. भटजी ओरडले तेव्हा उठली. रस्त्याकडे कोणी पाहिलंच नाही रे."

मी पेटी उघडली. यमूने साडीवरून हात फिरवला. "छान आहे, मामा," म्हणाली आणि घडी न मोडता परत ठेवली.

पुण्यास परतल्यावर कामांची यादी काढली. कागद आला, भिकाला भाड्याचे पैसे गेले. रोजनिशी छापणाऱ्यांना पहिल्याच टपालाने चार पानी पत्र धाडले, त्यात एकही शब्द मऊ नाही.

यमूला पत्र लिहायचे आहे. 'चि. यमूस, अनेक आशीर्वाद,' एवढे झाले आहे. पुढे त्या तक्त्याला दोष द्यावा, तर तिच्या आईला बारा मैल मीच कळवले होते.