खुर्चीदादाचा फोटो

आमच्या खुर्चीदादाला क्रांती वगैरे काही करायची नव्हती. त्याचा धंदा भाड्याने खुर्च्या देण्याचा. लग्न असो, शोकसभा असो, मंत्र्याचं उद्घाटन असो की त्याच मंत्र्याच्या लाचखोरीविरुद्धची सभा, जो आधी सांगेल त्याच्याकडे दादाचा टेम्पो जायचा. "बसणाऱ्याचं मत विचारून कुणी खुर्ची देतं का?" असं तो मला म्हणायचा. माझं सायकलचं दुकान त्याच्या गोदामाला लागूनच आहे.

चौकातल्या अशाच एका लाचखोरीविरुद्धच्या सभेवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा सगळे बाहेर पळाले आणि हा शहाणा आत घुसला. का, तर खुर्च्या मोडतील! एक खुर्ची डोक्यावर धरून तो पोलिसांच्या रांगेसमोर आला आणि नेमका एका परदेशी पाहुण्याने फोटो काढला. झालं! फोटो जगभर गाजला. एका बड्या देशाने त्याला शौर्याचं बक्षीस जाहीर केलं आणि त्याच देशाच्या कचेरीने व्हिसा नाकारला, माणूस भांडखोर दिसतो म्हणून. त्यांच्या राजदूताने दोन्ही बाजूंना संयम पाळायला सांगितलं. एका बाजूला बंदुका, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकची खुर्ची. कुणी किती संयम पाळायचा, ते काही बोलला नाही.

फोटो सरकारनेही पाहिला. दादाला उचललं. "साहेब, मी माझ्या खुर्च्यांसाठी गेलो होतो!" असं तो घसा फोडून सांगत राहिला, पण कुणाला पटेना. पुढे फारच बोभाटा झाला, तेव्हा साहेबांनाच उपरती झाली. म्हणाले, "हेच टीव्हीवर सांग आणि घरी जा."

सांगायचं होतं ते खरंच होतं. पण दादा गप्प बसला. वहिनी भेटायला गेली, तर तिला म्हणाला, "इथे चौकातली पोरं रोज मार खातायत गं. मी आता तसं बोललो, तर तीही भाड्याने आणलेली ठरतील."

मला त्याचा भयंकर राग आला, आणि अभिमानही वाटला.

बक्षिसाचा समारंभ टीव्हीवर दाखवला. मंचावर दादाच्या नावाने एक रिकामी खुर्ची, चांगली मखमली. सगळे उभे राहून टाळ्या पिटत होते. कुणी डोळे टिपत होतं. तिथल्या एका बाईने दुभाष्यामार्फत वहिनीला फोनवर विचारलं, "हे पाहून काय वाटतं?"

वहिनी म्हणाली, "रिकामी खुर्ची बघायला एवढी माणसं जमवलीत? आमच्याकडे यायचं. आम्ही जेवतो तिथेच एक आहे."