उपसलेली माती

आलमबागेतल्या पद्माकाकू खांबेट्यांना शहाणपण शिकवायला जाऊ नये. गेलेले सगळे चहा पिऊन गुमान परत आलेत. नवरा विश्वासराव रेल्वेत इंजिनियर, त्याच्यामागे साताऱ्याहून लखनौला आल्या आणि इथल्याच झाल्या. सब्जीवाल्या भैयाशी हुज्जत घालताना आजही हिंदीत सुरुवात करून मराठीत संपवतात, आणि भैया मुकाट्याने भाव उतरवतो.

त्यांचा एकुलता एक सुश्रुत. त्याला गुहांचं वेड लावलं चंद्रहासरावांनी. हे गोमती नगरातले भूशास्त्रज्ञ, दर थंडीत चार हौशी पोरं घेऊन सोनभद्राकडच्या चुनखडीच्या डोंगरांत गुहा धुंडाळायचे. तिथली एक गुहा आडासारखी सरळ खाली गेलेली. सुश्रुत तिच्यात उतरला आणि वरून दरड कोसळली. सरकारी माणसांनी काही दिवस उकरलं आणि हात झटकले.

तेव्हापासून दर थंडीत ही मंडळी आपल्या सुट्ट्या घालवून ती गुहा उपसत होती. खाली उतरायचं, बादलीत दगडमाती भरायची, दोराने वर ओढायची. सुश्रुतला वर आणायचं. जिवंत नव्हे हो, तेवढं काकूंनाही कळत होतं. हाडं तरी हातात द्या, एवढंच त्यांचं मागणं.

नातेवाईक म्हणायचे, पालाशविधी उरकून घ्या. देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्यालाच अग्नी देतात. काकू फटकन म्हणायच्या, "माझा मुलगा म्हणजे पाला नव्हे." पुढे विश्वासराव गेले, तेही लेकाची वाट बघतच. काकूंनी हट्ट सोडला नाही.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. उपसलेली माती उताराला खाली टाकायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण खाली गावकऱ्यांची शेतं. म्हणून ती गुहेच्या वरच्या अंगाला रचली आणि पुढे दगडांचा बांध घातला. बांध आखला होता विश्वासरावांनी. जन्मभर रेल्वेचे पूल सांभाळलेला माणूस, त्याच्या बांधावर शंका कोण घेणार?

यंदाच्या पावसाने घेतली. चंद्रहासराव सांगायला आले, तेव्हा त्यांनी चहाला हात लावला नाही.

"वहिनी, बांध फुटला. सगळी माती परत आत गेली."

"मग या थंडीत पुन्हा काढू."

"कोण काढणार? पोरं नोकऱ्यांपायी पांगली. उरलो मी, गुडघे गेलेला."

"तुमच्याबरोबर गेला होता तो," काकू म्हणाल्या. "तुम्हीच थांबलात, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

चंद्रहासरावांना रडू आवरेना. काकूंना त्यांचा राग आला आणि कीवही आली. त्यांनी गार झालेला कप उचलला, आत जाऊन चहा परत गरम केला, समोर ठेवला आणि म्हणाल्या, "पंडितजींना विचारा, कधी करायचं ते."

गोमतीकाठच्या घाटावर पळसाच्या पानांचा माणूस निजवला, डोक्याच्या जागी नारळ. काकूंनी त्याला सुश्रुतचा शर्ट घातला, गुंड्या लावल्या, कॉलर नीट केली. अग्नी द्यायलाही त्याच उभ्या राहिल्या. बायकांनी घाटावर येऊ नये वगैरे कुणी पुटपुटलं, पण मोठ्याने म्हणायची छाती कुणाची झाली नाही.

पंडितजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. मग म्हणाले, "माताजी, बेटे की उम्र?"

"तैंतीस," काकू म्हणाल्या.

चंद्रहासराव शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "वहिनी, सव्वीस. गेला तेव्हा सव्वीसचा होता."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मातीखाली असला तरी दर वाढदिवसाला त्या पोराला एकेक वर्षाने मोठा करत आल्या होत्या, आणि हे आजवर त्यांचं त्यांनाही उमगलं नव्हतं.

"हाँ," त्या पंडितजींना म्हणाल्या. "छब्बीस." एवढं बोलल्या आणि त्या पाल्याच्या माणसावर पडून हमसाहमशी रडल्या.