वरची बाजू कुठली?

दगडमातीत काम करणाऱ्यांकडे किस्से गाळासारखे साचतात. रोज थोडे थोडे. कुणी खोदेपर्यंत आपल्यालाही पत्ता नसतो.

आमची लॅब पुण्यात, पण उमेदीची निम्मी वर्षं भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत गेली. काम थोडक्यात असं. पृथ्वीचं चुंबक लाखो वर्षांत कधीतरी उलटं होतं. उत्तरेची दक्षिण! त्या वेळी थंड होणारा लाव्हा आणि समुद्राच्या तळाशी बसणारा गाळ, दोन्ही ती दिशा धरून ठेवतात. त्यावरून एक कालखंड कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला, ती सीमा शोधायची. मी चुंबकाचं मशीन चालवतो. वैशाली गाळातले खसखशीएवढे शंख बघून त्याचं वय सांगते. आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर आमचे सर.

०००

हिर्डोशीच्या वर, वरंध घाटाच्या वाटेला आम्ही कातळात ड्रिल लावून अंगठ्याएवढे नमुने काढत होतो. खालच्या खाचरातून एक मावशी वर आल्या आणि बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"पानी लागलं का?"

"पाण्यासाठी नाही मावशी. दगड किती जुना आहे ते बघतोय."

मावशींनी भोकात बोट घालून पाहिलं. "आन् ह्या बोअरात मोटार कंची टाकनार?"

तेव्हापासून फील्डला निघताना सर न चुकता विचारायचे, "मोटार घेतली का रे?"

०००

नमुना काढला की पहिलं काम, त्यावर बाण काढायचा. वरची बाजू कुठली हे एकदा विसरलं की तो नमुना मुका. सरांच्या हाताला तर ती सवयच जडलेली. जेवणाचा डबा, पाण्याचा कॅन, वैशालीच्या घरून आलेलं तांदळाचं पोतं, सगळ्यांवर बाण!

वेल्ह्यात एका खानावळीत ताईंनी पिठलं-भाकरी बांधून दिली. सरांनी खिशातला मार्कर काढून पार्सलवर बाण काढला.

"आवं सर, भाकरीला कुठली आलीय वरची बाजू?"

"पिठलं सांडलं की कळतं," सर म्हणाले. अगदी गंभीरपणे.

०००

वैशाली भाटघरची. तिचे वडील, अण्णा, शेतकरी. लेक समुद्राचा चिखल धुते एवढंच त्यांना ठाऊक. एकदा ते लॅबमध्ये आले. वैशालीनं गाळ चाळणीवर धुतला. उरला चिमूटभर.

"एवढ्या मातीत एवढंच पीक?" अण्णा म्हणाले.

तिनं ती चिमूट मायक्रोस्कोपखाली ठेवली. अण्णांनी डोळा लावला.

"ही समदी जित्ती व्हती?"

"होती अण्णा."

"मंग?"

"मग यातल्या काही जाती संपल्या, दुसऱ्या आल्या. ते नेमकं कुठं घडलं, तेच तर शोधतेय."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा डोळा लावला.

०००

ती सीमा सरांनी आधीच ठरवलेली होती. जहाजावरून समुद्रतळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या कांडीत एका तुकड्याचं चुंबक उलटं लागलं होतं, म्हणून सीमा तिथं. सरांचं नाव झालं ते त्यावरच. वैशालीचा थिसिसही त्यावरच उभा.

पण त्याच तुकड्यात तिचे शंख काही भलतंच सांगत होते. गाळात जुनं खाली आणि नवं वर असायला हवं, इथं जुने वर आणि नवे खाली! तिनं पुन्हा पुन्हा तपासलं. अर्थ एकच निघत होता. पृथ्वीचं चुंबक वगैरे काही उलटं झालं नव्हतं. जहाजावर ट्रेमध्ये ठेवताना तो तुकडाच उलटा ठेवला गेला होता.

बोलावं, तर सरांच्या कामावर पाणी आणि स्वतःचा थिसिस पहिल्यापासून. गप्प बसावं, तर पदवी हातात. मी तिला म्हटलं, "सर निवृत्त होऊ देत, मग सांग."

"तोवर शंख आपोआप सरळ होणार आहेत का?"

तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. सर उठले, ट्रेपाशी गेले. तुकड्यावरचा बाण बघत नुसते उभे राहिले. "बाण माझाच आहे," एवढंच म्हणाले आणि बाहेर पडले. पुढं बरेच दिवस लॅबकडे फिरकले नाहीत. वैशालीला जेवण जात नव्हतं. मलाही तिच्याकडे बघवत नव्हतं.

०००

निवृत्तीचं भाषण भोरलाच करायचं, हा सरांचा हट्ट. हॉल भरलेला. अण्णा माझ्या शेजारी बसलेले. सरांनी पडद्यावर त्यांची ती गाजलेली आकृती लावली.

"ही सीमा मी ठरवली. ती चूक आहे. तुकडा मीच उलटा ठेवला होता आणि वर बाणही काढला. वैशालीनं पकडलं. खरी सीमा आता ती शोधेल. तिला वेळ द्या."

मग मागून एक टाळी आली आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. पहिल्या रांगेत वैशाली ओंजळीत तोंड लपवून रडत होती.

अण्णा माझ्याकडे झुकले. "आवं, सरांचंच चुकलं म्हनं न्हवं?"

"हो अण्णा."

"मंग ह्ये समदे टाळ्या कशापायी वाजवत्यात?"

मी शेजारी वळून बघतो तर अण्णा टोपी काखेत धरून उभे होते आणि टाळ्या वाजवत होते.